क्रेवांगनचं न उघडणारं दार

जर्मनीतल्या आमच्या क्रेवांगन गावात बघण्यासारखं काय आहे, तर एक कललेलं धान्याचं कोठार, बारा महिने नाताळची खेळणी विकणारं एक दुकान आणि माझ्या घराचं दार. पालिकेच्या पत्रकावर दाराचा फोटो सर्वांत मोठा आहे. मला कुणी विचारलं नव्हतं.

घर गावच्या तटाला पाठ लावून उभं आहे आणि दार तटातच आहे. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्य आलं, तेव्हा फाइट श्लीसर इथे पहारेकरी होता. पहाटे कडीचे तीन ठोके पडले, त्याने दार उघडलं आणि गाव जळालं. गाव म्हणतं, मिठाच्या पोत्याची लाच घेऊन उघडलं. श्लीसर घराणं म्हणतं, आपलीच माणसं परत आली असं वाटून उघडलं. चारशे वर्षं होत आली तरी भांडण मिटत नाही आणि मिटणारही नाही, कारण त्यावर दोन हॉटेलं आणि एक बेकरी पोट भरतात.

तेव्हापासून श्लीसरांच्या घरात ते दार कुणी उघडलं नाही. आम्ही मागच्या स्वयंपाकघरातून ये-जा करतो. मी पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आले, तेव्हा हे ऐकून पोट धरून हसले होते. एकार्ट, माझा नवरा, हसला नव्हता.

रोस्विथा हिलर ही गावची गाइड. झालरीची टोपी घालते, बसमधून उतरलेली माणसं दारापुढे उभी करते, आवाज लावून गोष्ट सांगते आणि शेवटी प्रत्येकाला तीन-तीन ठोके मारायला लावते. "बघू या, आज तरी श्लीसर उघडतोय का." असं ती म्हणाली की सगळे खदाखदा हसतात. दिवसभर हेच.

फेब्रुवारीत एकार्टला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत लावला, त्या दारासमोरच. डॉक्टरांनी शांतता हवी म्हणून बजावलं होतं. ईस्टरला बसगाड्या सुरू झाल्या. ठोका पडला की एकार्टची डावी मूठ पांघरुणावर आवळायची, डोळे दाराला खिळायचे, श्वास अडकायचा. लोक पुढे गेले की हळूच सुटायचा. मला ते बघवत नव्हतं. माणूस ठोक्याठोक्याने मरतोय असं वाटायचं.

बेकरीत रोस्विथा भेटली तेव्हा मी सरळच विषय काढला.

"एक महिना आमचं दार सोड. आत आजारी माणूस आहे."

"मला का कळत नाही, गेर्लिंड? पण लोक दारासाठीच येतात गं."

"कोठार दाखव की."

"कोठार वाकडं आहे. त्याहून जास्त त्यात सांगायचं काय?"

"मग गोष्ट सांग. ठोके नकोत."

"ठोक्यांशिवाय गोष्ट अळणी होते," ती रांगेकडे वळून बघत म्हणाली. "आणि मीठ तर सगळं तुमच्याच घरी गेलं ना."

रांग हसली. बेकरीवालासुद्धा हसला, माझे पाव पिशवीत भरता भरता. या लोकांच्या लग्नांना मी केक करून नेले आहेत.

पालिकेतल्या साहेबांनी सांगितलं की दार संरक्षित वास्तू आहे, कडी काढता येणार नाही. "तेल मात्र घाला तिला, कुरकुरते फार," असंही वर सुचवलं. मी कडीला फ्लॅनेलचं फडकं गुंडाळलं. रोस्विथाने ते सोडून, छान घडी घालून उंबऱ्यावर ठेवलं. मग मी पाटी लावली: आत रुग्ण आहे. लोक पाटीशेजारी उभे राहून फोटो काढू लागले.

मे महिन्यात एका दुपारी उल्मच्या कुठल्याशा मंडळाचे पुरुष आले, दुपारीच बिअर पोटात गेलेली. कडीवर भागेना, म्हणून एकजण मुठीने बडवायला लागला. एकार्टच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. मी बटाटे सोलत होते. उठले, दाराचा अडसर गंजून बसला होता तो तव्याने ठोकून काढला आणि दार उघडलं.

मूठवाल्याचा हात हवेतच राहिला. रोस्विथाचं तोंड उघडं. माझ्या मागे पलंग, पलंगावर माणूस, पलंगाखाली भांडं, सगळं त्यांना दिसत होतं.

"या ना," मी म्हटलं. "श्लीसरने उघडलं. आता काय जाळायचंय ते जाळा."

एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग एकेक करून सगळे खाली मान घालून चौकाकडे निघाले. रोस्विथा तेवढी थांबली.

"काय करून बसलीस, कळतंय का तुला?" ती हळू आवाजात म्हणाली.

"कळतंय की. तुझं दुकान बंद केलं."

"माझं नाही गं. त्याचं." तिने हनुवटीने पलंगाकडे खूण केली आणि गेली.

जाता जाता डसायचं म्हणून बोलली असेल, असं मला वाटलं. दार लोटलं, एकार्टपाशी बसले, त्याचा चांगला हात हातात घेतला. मला खरंच मोकळं वाटत होतं.

"संपलं बघ," मी म्हटलं. "आता कुणी ठोकणार नाही."

त्याने हात काढून घेतला. ओठ हलवायला लागला. लाळ गळत होती, मी पुसायला गेले तर मान बाजूला घेतली. शब्द एकेक ओढून आणत होता, विहिरीतून बादली ओढावी तसा.

"फाइटने चुकून उघडलं," तो म्हणाला. "तू मुद्दाम उघडलंस."

आणि तोंड भिंतीकडे केलं. ठोका पडला की त्याची मूठ कशासाठी आवळायची, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. लहानपणापासून तो ते दार आतून धरून बसला होता, आणि त्या पलंगावर त्याला एवढं एकच काम उरलं होतं.

फेब्रुवारीपासून त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य. संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर ते खूश झाले. म्हणाले, उत्तम लक्षण आहे, त्यांना बोलतं ठेवा.