हरायची मुभा

शनिवारची सकाळ होती. एडमंटनच्या त्या जुन्या युक्रेनी चर्चच्या तळघरात लांब टेबलांभोवती बायका उभ्या होत्या आणि बटाटा-चीजचं सारण पारीत भरून पिरोहींच्या कडांना मुरड घालत होत्या. बाहेर श्वास ओठांवरच पांढरा होऊन थिजावा अशी थंडी. आत मोठाल्या पातेल्यांची वाफ खिडक्यांवरून ओघळत होती. ओलेना पालिचुक कोपऱ्यातल्या शेगडीवर कांदा परतत होती. तिच्या पाठीमागे हातांच्या लयीत जिभाही चालू होत्या: कोणाची सून, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाची गाडी बर्फात घसरून थेट पाद्र्याच्या कुंपणात शिरली.

मग ओडारका हुमेन्युक यांनी हात पुसले, आणि सगळ्या समजल्या की आता पाळ्या वाटल्या जाणार.

ओडारका काकू मुलांच्या नृत्यशाळेच्या कारभारीण. साठी उलटलेल्या, विधवा. स्वतःची मुलं नाचून मोठी झाली, आता नातवंडं नाचत होती. या प्रांतातल्या इतर शेकडो मंडळांप्रमाणे त्यांच्या शाळेलाही ठरावीक काळाने कॅसिनोत दोन दिवस फुकट राबण्याची पाळी येई. पालकांनी पांढरे शर्ट घालून तिथे उभं राहायचं, रंगीत चकत्यांचे ट्रे इकडून तिकडे न्यायचे, मोजणीला बसायचं. बदल्यात जुगाराच्या उत्पन्नातला वाटा शाळेच्या पदरी पडे. मुलींचे लाल बूट त्यातूनच येत, सभागृहाचं भाडं त्यातूनच जाई. हॉकीच्या पोरांपासून म्हाताऱ्यांच्या गायनमंडळापर्यंत सारं शहर याच पाण्यावर वाढलेलं होतं. गावकीचं काम असावं तसं लोक ते करत, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

ओडारका काकूंनी स्लावकाकडे मान वळवली. "स्लावका, गेल्या खेपेला तुम्ही अंग चोरलंत. त्याच्या आधीच्या खेपेलाही. पोरगी मात्र पहिल्या रांगेत नाचते हं तुमची. या वेळी नवऱ्याला पाठव, मिरोनला. उंच आहे, पांढरा शर्ट शोभेल त्याला."

"सोडशील ना गं त्याला?" पलीकडून कोणीतरी म्हणालं. "का बांधलायस दावणीला?"

हशा पिकला. स्लावकाही हसली, पण तिच्या बोटांतली पिरोही मिटायची राहून गेली. तिने नणंदेकडे पाहिलं. ओलेना तिच्याकडे पाहत होती, आणि शेगडीवरचा कांदा करपत होता.

त्या तळघरात दोघींनाच ठाऊक होतं की मिरोनने स्वतःवर बंदी घालून घेतली आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वी ओलेनाच आपल्या या धाकट्या भावाला कॅसिनोत सही करायला घेऊन गेली होती. स्वेच्छाबंदी म्हणतात तिला. माणसाने आपल्या पायांनी यायचं, आपला चेहरा छायाचित्रासाठी द्यायचा आणि लिहून द्यायचं की यापुढे मी आलो तर मला आत घेऊ नका. खेळायलाच काय, कामालाही नाही. आपल्याच हाताने आपल्या पायात बेडी ठोकण्याचा तो विधी पाहताना ओलेनाला वाटलं होतं, माणूस याहून मोठा क्वचितच होत असेल. मिरोनने एका दमात सही केली होती. बाहेर आल्यावर मात्र तो गाडीत बसून बराच वेळ रडला होता. तेव्हापासून तो जुगाराच्या त्या यंत्रांच्या वाटेला गेला नव्हता. घरं उबदार ठेवणाऱ्या बिघडलेल्या भट्ट्या घरोघरी जाऊन दुरुस्त करी, संध्याकाळी मुलीला, कलीनाला, नाचाच्या वर्गाला सोडी, आणि परतताना ठरवून लांबच्या रस्त्याने येई, म्हणजे पश्चिमेकडची ती कॅसिनोची रोषणाई दिसत नसे.

पुढे नियतीने जणू थट्टा केली. ज्या सल्लागार कचेरीत ओलेना अभ्यासक म्हणून काम करत होती, तिच्याकडेच या स्वेच्छाबंदीचं मूल्यमापन आलं. योजना कितपत चालते, बंदी घातलेले लोक पुन्हा आत शिरतात का, याचा तो अहवाल होता. आकडे लोभसवाणे होते. सह्या करणारे खूप आणि पकडले जाणारे थोडे. यश, असं पहिल्या मसुद्यात लिहिलेलंही होतं.

पाळ्या वाटल्या त्या शनिवारी संध्याकाळी ती मिरोनकडे गेली. तो गॅरेजमध्ये एका भट्टीचा पंखा उघडून बसला होता. पाळीला जाऊ नकोस, काहीतरी सबब सांग, असं ती परोपरीने सांगत राहिली.

"कसली सबब, ताई?" तो खाली मान घालूनच म्हणाला. "दोन खेपा स्लावकानं सबबीच दिल्यात. आता खरं कारण तेवढं उरलंय. ते सांगू? की मला दारात मज्जाव आहे, आणि तो मीच करवून घेतलाय? ओडारका काकूंच्या कानावर पडलं की रविवारपर्यंत अख्ख्या चर्चला कळेल. कलीनाला कळेल."

मग तोच जरा हसला. "अगं, माझं थोबाड आहे ना त्यांच्याकडे? दारातच धरतील. परत पाठवतील. मी इथे येऊन सांगेन, पोट बिघडलं. तेवढीच तुझ्या योजनेची परीक्षा."

तिने तेव्हाच त्याचा हात धरायला हवा होता. पण तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात एक थंड, निरखणारी बाई बसली होती. तिला खरोखरच पाहायचं होतं की दार काय करतं. आणि दुसऱ्या कोपऱ्यात जी बहीण होती, तिचा त्या दारावर विश्वास होता.

दाराने काहीच केलं नाही.

मिरोन दुपारच्या पाळीला गेला. रखवालदाराने त्याच्या छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावला, त्याच्या उंचीवरून थट्टा केली, आणि कॉफी कुठे मिळते ते दाखवलं. पाळीभर तो चकत्यांचे ट्रे वाहत राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना ती यंत्रं होती. विझत नाहीत, झोपत नाहीत, प्रत्येकाला जन्मोजन्मीची ओळख असल्यासारखी हाक मारतात. पाळी संपल्यावर त्याला फुकट जेवण मिळालं, आभार मिळाले. रविवारी चर्चमध्ये ओडारका काकूंनी सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली. स्लावकाने सुस्कारा सोडला. ओलेनानेही सोडला, आणि स्वतःला बजावलं की काही झालं नाही.

पण बंद दारावर विसंबून जगणाऱ्या माणसाला दार उघडंच होतं हे कळणं, यासारखा घात नाही. दोन वर्षं तो ज्या भिंतीला टेकून उभा होता ती भिंत नव्हतीच. तो नुसताच उभा होता. हे बळ आपलंच होतं, असं त्याला कोणी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. त्याला एवढंच उमगलं की आत जाता येतं.

तो गेला. पुन्हा गेला. आता तर रखवालदार त्याला ओळखत होता. पण छायाचित्रातला माणूस म्हणून नव्हे. "काय उंचराव, आज शर्ट नाही पांढरा?" असं विचारून तो त्याला वाट करून देई. नाताळ गेला, बर्फाचे ढीग काळवंडले. कलीनाच्या उन्हाळी दौऱ्यासाठी साठवलेलं सगळं त्या यंत्रांच्या घशात गेलं. दारात कोणी त्याचा खांदा धरला नाही, आत कोणी हटकलं नाही. उलट त्याच्यासमोर गरम सूप आणून ठेवलं गेलं.

नदीवरचा बर्फ तडकू लागला त्या सुमारास एका सकाळी स्लावकाचा फोन आला. ती हळू, सपाट आवाजात बोलत होती. मिरोन जिंकला होता. यंत्राने दिवे उधळले, घंटा वाजवली, आजूबाजूच्यांनी टाळ्या पिटल्या. मोठी रक्कम द्यायची म्हणजे ओळखपत्र पाहावं लागतं. हसत हसत माणसं आली, हसत हसत त्यांनी ते मागितलं. मग पडद्यावर त्याचं छायाचित्र उमटलं आणि सगळ्यांचं हसू एकदम मिटलं. नियमाप्रमाणे बंदी असलेल्याला बक्षीस मिळत नाही. रक्कम कॅसिनोकडेच राहिली. मिरोनच्या हातात बेकायदा प्रवेशाच्या दंडाचा कागद पडला. त्याला बाजूच्या दाराने बाहेर काढताना तोच रखवालदार त्याचं कोपर धरून होता. तो कुजबुजला, "तू? अरे, तू तर आपला माणूस ना."

"मी कलीनाला घेऊन व्हेग्रेव्हिलला आईकडे जातेय," स्लावका म्हणाली. "तो वाईट नाहीये, ओलेना. पण मला आता त्याच्या पावलांचा आवाज आला तरी भीती वाटते. तो कुठून आला असेल, याची."

दुसऱ्या दिवशी ओलेना कचेरीत गेली ती मसुदा बदलायच्या निश्चयाने. तिचे वरिष्ठ ग्रेहॅम पेटीग्रू हे दुष्ट गृहस्थ नव्हते; थकलेले, सभ्य, वेळेवर अहवाल देणारे होते. तिने भावाचं नाव न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, मनापासून हळहळले, आणि मग शांतपणे म्हणाले की तो अखेर सापडला ना, म्हणजे व्यवस्था चालली. त्याची गणना यशात होईल.

"आणि पाळीच्या दिवशी? बिल्ला लावून आत उभा केला तेव्हा?"

तेव्हा तो खेळायला गेला नव्हता, ग्रेहॅम म्हणाले; बंदी कामालाही असली तरी अहवालाच्या मापात खेळणं तेवढंच भंग धरलं जातं. आणि मधले महिने? त्या महिन्यांची कुठेच नोंद नव्हती. मापदंड पकडलेल्यांचा होता. न पकडलेला माणूस त्या मापाने सुधारलेला माणूस होता. अहवालासाठी तिच्याशी फोनवर बोललेले, बंदी घालून घेतलेल्या लोकांचे ते सारे आवाज तिला आठवले. कामलूप्सकडून आलेला ट्रकवाला, निवृत्त शिक्षिका, हॉटेलातला आचारी. निरनिराळ्या शब्दांत सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, की दारात कोणी अडवत नाही, आणि ते सगळं तिने स्वतःच 'किरकोळ तक्रारी' म्हणून शेवटच्या पानांत ढकललं होतं.

"तो हरत होता तोवर त्याला कोणी ओळखलं नाही, ग्रेहॅम," ती म्हणाली. "जिंकला त्या क्षणी ओळखलं. हरायची मुभा आहे, जिंकायची बंदी. तुमची योजना एवढंच करते."

"ते मत झालं, ओलेना. अहवालात मत घालता येत नाही."

"मग माझं नाव घालू नका."

तिने ते शांतपणे म्हटलं. घरी परतताना नदीवरच्या पुलावर तिला कळलं की त्या एका वाक्यासरशी आपली नोकरी गेली आहे, आणि त्याहून जास्त हे कळलं की आपण पुष्कळ उशिरा बोललो.

मिरोन गॅरेजमध्येच होता, पण हातात काही नव्हतं. आपल्याला कोणत्या रकान्यात टाकलंय, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, यशाच्या. पालकांच्या सभेत आपण बोलू का, नाव घेऊ का, अशी तिने परवानगी मागितली, तर त्याने नकारार्थी मान हलवली. "तू नको. मी बोलतो. नाहीतर परत कोणीतरी दुसरंच माझ्यासाठी दार सांभाळायला बसेल."

सभा रविवारी, प्रार्थनेनंतर, त्याच तळघरात भरली. पुढच्या पाळीचं ठरवायचं होतं. स्लावका व्हेग्रेव्हिलहून आली होती. कोट न काढता दारापाशीच उभी राहिली, नवऱ्याच्या शेजारी नव्हे. मिरोन उठला. त्याने सगळं सांगितलं, सहीपासून कोपर धरण्यापर्यंत, आवाज न चढवता, एखाद्या घरमालकाला भट्टीत काय बिघडलंय ते सांगावं तसं.

"मला कोणी आत ढकललं नाही," तो शेवटी म्हणाला. "पण ज्यांना मी सांगून ठेवलं होतं की मला अडवा, त्यांनी मला कॉफी पाजली. आणि इथं मला नाही म्हणता आलं नाही. कारण आपल्यात नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं."

खुर्च्या करकरल्या. मागच्या रांगेतला एक बाप चुळबुळत म्हणाला, वाईट झालं, पण एकाच्या नादापायी सगळ्या पोरांचा नाच बंद करायचा का?

ओलेना बसल्या जागेवरूनच बोलली. "ज्याच्या हरण्यातून आपले बूट येतात, तो दर वेळी कोणीतरी एकच असतो. तो कोण ते माहीत नसतं, म्हणून आपल्याला झोप लागते. या खेपेला माहीत आहे, एवढाच फरक."

ओडारका काकूंचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "मग बूट कशातनं आणू, तेही सांगा," त्या म्हणाल्या. आवाजात तोरा नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. "पिरोही विकून? वर्षभर विकल्या तरी एका वर्गाचे होत नाहीत. मी काय हौसेनं पाठवते लोकांना तिथे?"

कोणीतरी मतदान घ्या म्हणालं. पाळी चालू ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. आधी दोन हात वर गेले, मग चार, मग इकडेतिकडे बघत बघत जवळजवळ सगळेच. त्यांत मिरोनचे मित्र होते, त्याने ज्यांच्या भट्ट्या मध्यरात्री उठून दुरुस्त केल्या होत्या ते शेजारी होते. चांगली माणसं होती ती. स्लावकाने दाराच्या चौकटीला घट्ट धरलं होतं.

ओडारका काकूंनी हात मोजले नाहीत. आपलाही वर केला नाही.

"ठरलं तर," त्या म्हणाल्या. "पाळी होईल. पण नावं मी घालणार नाही. आजवर घातली, कारण मला वाटायचं मी फक्त दिवस वाटतेय. आता ज्याला खात्री आहे की अमुक घरचा माणूस तिथून धड परत येईल, त्यानं पुढं यावं आणि नाव लिहावं. कागद इथं आहे."

त्यांनी कोरा कागद टेबलाच्या मध्यावर सारला आणि त्यावर पेन ठेवलं.

पातेल्याखालचा गॅस कोणीतरी बंद केला. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. काही कोटाच्या खिशांत गेले, काही सोबत आलेल्या मुलींच्या खांद्यांवर. टेबलापर्यंत एकही आला नाही.