पालथ्या घड्यावर यवतमाळ

मित्रांनो, मी एक जुना मातीचा घडा आहे, आणि जरा रागीटही आहे. पांढरकवड्याच्या कुंभाराने मला घडवले, भाजले, टिचकी मारून पारखले. पाच उन्हाळे मी बिजलीबाईच्या घरी सगळ्यांना गार पाणी पाजले. पाहुणेसुद्धा माझे नाव काढायचे. मग काठाचा टवका उडाला आणि मला अंगणात पालथे घातले.

पालथ्या घड्यावर कितीही पाणी ओता, आत थेंब जात नाही. त्यावरूनच माणसांना म्हण सुचली. कुणाला शिकवून शिकवून दमले, की वैतागून म्हणतात, 'पालथ्या घड्यावर पाणी!' अहो, पण आम्हाला पालथे घालते कोण? तुम्हीच ना!

गेल्या महिन्यात बिजलीबाई लेकीच्या बाळंतपणाला यवतमाळला निघाली. एसटीची पाटी वाचता येत नाही, म्हणून एकाला विचारले. त्याने न बघताच मान हलवली आणि बाई उतरली वणीला! यवतमाळला पोहोचेपर्यंत नात जन्मली होती. एकट्या पडलेल्या लेकीने आईकडे पाहून तोंड फिरवले. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

"बाराव्या दिवशी बारसं हाये," हिरमुसून दुसऱ्याच दिवशी घरी परतल्यावर ती शेजारच्या वर्षाला म्हणाली. "तोवर मले पाटी वाचाले शिकव. आता कोनाले पुसनार नाही मी."

वर्षाने लिहायची पाटी आणि खडू दिले. पण कापूस वेचून राठ झालेल्या बोटांत खडू टिकेना. आठवड्यात डबाभर खडू मोडले, 'य' काही जमेना. वर्षाने कपाळाला हात लावला.

"मावशी, पालथ्या घड्यावर पाणी टाकून राह्यली मी!"

बिजलीबाईने माझ्याकडे पाहिले. बोट पाण्यात बुडवले आणि माझ्या उन्हाने तापलेल्या पाठीवर ओढले. ओली रेघ ठसठशीत उमटली. वाळली, की ती पुन्हा ओढायची. इथे मोडायला काही नव्हतेच. मीही हट्टाला पेटलो, थेंबन् थेंब प्यायलो. संध्याकाळी 'य' जमला. अकराव्या दिवशी माझ्या पाठीवर अख्खे 'यवतमाळ' होते.

बारशाला ती एकटी गेली, सगळ्यांच्या आधी पोहोचली. लेकीने विचारले, "कोनासंग आली वं?"

"पाटी वाचून आली!"

मित्रांनो, कुणाला पालथा घडा म्हणून टाकू नका. एकदा ओतायची रीत बदलून पाहा.

परतल्यावर बिजलीबाई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापाशीच बसली. "वर्षा, नातीचं नाव मोनाली ठेवलं," ती म्हणाली. "'मो' कसा काढतेत?"