विहिरीच्या फाटकाला कुलूप

दुष्काळाच्या साली सोलापुरातल्या मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात विहिरीला पाणी टिकून होतं. प्रभाबाई उजगरे तिथल्या सुपरिंटेंडंट. आधीच्या मॅडम ऑफिसात बसून घंटा वाजवायच्या. प्रभाबाई पदर खोचून मुलींबरोबर संडास धुवायच्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "येशूनं शिष्यांचे पाय धुतले. मला मोरी धुवायची कसली लाज?"

मालतीला त्यांनीच घडवलं होतं. नवऱ्यानं टाकलेली ही पोर मंद्रूपहून आली, तेव्हा प्रभाबाईंनी तिला आपल्या खोलीत ठेवून घेतलं, शिकवलं आणि पुढं वसतिगृहातच शिक्षिका म्हणून लावलं. ती त्यांना आक्का म्हणायची.

रस्त्याच्या दुष्काळी कामावरच्या बाया पाणी मागायला आल्या, तेव्हा प्रभाबाईंनी मुलींना विचारलं. आंघोळीचं पाणी कमी करू आणि बायांना फाटक उघडं ठेवू, असं ठरलं. सगळ्यांत आधी हात वर केला तो मालतीनं.

मार्चात मिशनची कमिटी आली. अध्यक्ष रत्नाकरराव म्हणाले, "बाई, इथं शिस्त राहिली नाही. तुम्ही मोलकरणीसारख्या वागता, मग मुली कशा मानतील? त्यात आपलं पाणी बाहेर जातंय."

"मुलींनी तक्रार केली?"

"मालतीबाईंनी. दिवाळीपासून सांगताहेत त्या आम्हाला."

मालती खिडकीपाशी उभी होती. तिनं मान खाली घातली नव्हती. "आक्का, तुम्ही चांगल्या आहात," ती म्हणाली. "पण नुसत्या चांगुलपणावर संस्था चालत नाही."

"हे मला सांगायचं होतंस. रोज शेजारी बसून जेवतो आपण."

दिवाळीपासूनची ती सगळी जेवणं प्रभाबाईंना एकेक करून आठवली.

मालती सुपरिंटेंडंट झाली. विहिरीच्या फाटकाला कुलूप लागलं. प्रभाबाई चर्चमागच्या एका खोलीत राहायला गेल्या.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असे. पाळकांनी यंदा तो मान नव्या सुपरिंटेंडंटला दिला. तिनं पहिल्या खुर्चीवर प्रभाबाईंना बसवलं. सगळ्या मंडळीसमोर त्यांना नाही म्हणवेना. मालती घंगाळ घेऊन गुडघ्यांवर बसली. तिनं पायांवर पाणी घातलं, कोऱ्या टॉवेलानं ते पुसले. तिचे हात फार हळुवार होते. तेच प्रभाबाईंना सोसवेना.

"फाटक उघड," त्या हलकेच म्हणाल्या.

"कमिटीनं ठरवलंय, आक्का."

"मग मला आक्का म्हणू नकोस."

त्या अनवाणीच उठल्या आणि भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाला न थांबता बाहेर पडल्या.

पुढच्या आठवड्यात त्या रस्त्याच्या कामावर गेल्या. बाया खडी फोडत, आणि त्यांची तान्ही पोरं लिंबाखाली धुळीत पडलेली असत. ती सांभाळायला प्रभाबाई बसू लागल्या.

रंभाबाई म्हणून एक मजूर बाई होती. तिनं विचारलं, "बाई, तुमी मोठ्या साळंतल्या. हितं कशा?"

"तिथं आता माझं काम न्हाय," प्रभाबाई तिच्याच बोलीत म्हणाल्या.

एके दिवशी पाळक सायकलवरून शोधत आले. सायकल लिंबाला टेकवून पोरांशेजारी बसले. मग म्हणाले, "मालतीला क्षमा केलीत का, बाई?"

"सकाळी प्रार्थनेत करते. दुपारपर्यंत ती पुन्हा डोळ्यांपुढं येते, आणि सगळं पहिल्यापासून जळायला लागतं."

"देव वेळ देतो."

"देऊ दे. मला घाई नाही."

तेवढ्यात टँकर आला. प्रभाबाईंनी मांडीवरचं रडकं पोर पाळकांच्या हातात दिलं, घागर उचलली आणि रांगेकडे चालू लागल्या.