खुब्याचं दुखणं

कुंडलच्या शिवारातला तळ मोडून मेंढरं वाटेला लागली होती. जाईबाईनं घोडीवर भांडी लादली, वर दोन कोकरं बसवली आणि मागं बघितलं. सात वर्षांची दीपमाला अजून बांधावरच बसलेली.

"ऊठ गं. मेंढरं लय फुडं गेली."

"आये, गुडगा दुखतूय."

"वाढीचं दुखणं हाय त्ये. उंची वाढाय लागली की पोरांचं पाय दुखत्यात. माजं बी दुखायचं."

दोन महिने ती हेच सांगत होती. रोज दिवेलागणीला तेल कोमट करून गुडघा चोळायची. चोळता चोळता पोर गप व्हायची, तिला वाटायचं उतार पडतोय. पण आज पोर उठली ती एका अंगाला कलत चालू लागली. पुढनं दीपमालाच्या बापानं, धोंडिरामानं ते बघितलं आणि मेंढरं थांबवली.

"ही लंगडतीया की. मिरजंला दाखवू."

मिरजेच्या डॉक्टरनं पोरीची मांडी हळूच बाहेर फिरवली. ती कळवळली. मग एक्स-रेचा फोटो काढला.

"दुखणं गुडघ्याचं नाही, खुब्याचं आहे. हाडाचा गोळा मऊ पडलाय. वर्षभर या पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या वापरायच्या, आणि घरातच राहायचं. चालली तर गोळा चपटा होईल, पाय कायमचा अधू."

दोन महिने जाईबाईनंच हाताला धरून चालवलं होतं पोरीला.

"आवं, म्या ऱ्हाते हिच्यासंगं गावाकडं," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

धोंडिराम म्हणाला, "दीडशे मेंढरं हायत. निम्म्या व्यायला आल्यात. एकट्याच्यानं कसं हुयाचं? मनुकडं ठिवू."

मनुबाई त्याची बहीण, कवठे महांकाळला दिलेली. दिवसभर द्राक्षबागेत कामाला जायची. पण तिला पक्कं घर होतं. दीपमालाला तिथं खाटेवर बसवून दोघं निघाली. पोर रडली नाही. "कवा येशील?" एवढंच तिनं विचारलं.

तीन महिन्यांनी मेंढरं खंडाळ्याकडं चढत असताना मनुबाईचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"वैनी, काळजी करू नगा. तुमची लेक चालाय लागली. कुबड्या टाकल्यात कवाच. सक्काळी एकटी जाऊन दळण घिऊन आली."

"वन्सं, तिला चालवायची न्हाई म्हनून सांगितलं हुतं."

"आवं, म्या बागंत. घरात दुसरं हाय कोण? आन् दुखत न्हाई म्हनती की."

"तिला फोन द्या."

"आये," पलीकडनं दीपमाला म्हणाली, "आता लय दुखत न्हाई. म्या चालतीया. मला न्यायला ये."

"लंगडतीस का गं?"

"उलीसं. पाय जरा आखूड झालाय."

फोन कट झाला. चढावरनं धोंडिराम हाका मारत होता. एक मेंढी वाटेतच व्यायला बसली होती. जाईबाईनं डोळ्याला पदर लावला आणि ती तिकडं चालू लागली.