पाणी नाही म्हणजे लाईट नाही?

मित्रांनो, मखमलाबादच्या एका गुलाबाच्या मळ्यात, विहिरीशेजारच्या खांबावर गंजकी पेटी लटकलेली दिसेल. तीच पेटी म्हणजे मी, पाण्याच्या मोटरचा जुना स्टार्टर. नवा होतो तेव्हा मला हळद-कुंकू लावलं होतं. आता माझ्याकडे फक्त मुंग्या येतात.

माझं काम सोपं. लाईट आली की मी आपोआप मोटर चालू करतो, मोटर चालली की हौदात पाणी पडतं. मळ्याची लाईट वेगळी, घरातल्या दिव्यावरून ती कळत नाही. म्हणून मळ्याचे मालक सावळीराम ओट्यावर बसून पाण्याचा आवाज ऐकायचे. आवाज आला, लाईट आली. आवाज नाही, लाईट नाही. कधी चुकले नाहीत. लोक त्यांच्या कानांचं कौतुक करायचे. माझं कोणी केलं नाही, पण तो सगळा तर्क माझ्याच खांद्यावर उभा होता.

खांदे थकतात हो. या उन्हाळ्यात मुंग्यांनी माझ्या पोटात माती भरली. एका सकाळी लाईट आली आणि मी हललोच नाही. मोटर गप्प, हौदही गप्प.

"पाणी नाय म्हणजे लाईट नाय," सावळीराम बायकोला, फुलाबाईंना, म्हणाले. "तेवढ्यात पेटी साफ करून घेतो."

कधी नव्हे ती माझी आठवण झाली, तीही नेमकी तेव्हा. झाकण उघडलं. हात आत येऊ लागला. माझ्या तारा जिवंत होत्या, आणि मला ओरडता येत नाही.

फुलाबाई जवळच गुलाबाच्या जुड्या बांधत होत्या. "अहो, थांबा. साखर असली की मी चहा करते. चहा केला की तुम्हाला कप मिळतो. आज कप मिळाला नाय, तर साखर संपली व्हय?"

"मग?"

"मी रुसले असंन. तसा तुमचा डबाबी रुसला असंन. आधी टेस्टर लावा."

त्यांनी कुरकुरतच खिशातला टेस्टर लावला. तो लाल पेटला.

सावळीराम झटकन मागे सरले. फुलाबाईंनी उठून मेन स्विच खाली ओढला आणि पुन्हा जुड्या बांधायला घेतल्या. त्या दिवशी चहा सावळीरामांनी केला.

मित्रांनो, साखळीची शेवटची कडी हलली नाही म्हणून पहिलीच तुटली असं समजू नका. मधली कडीही बघा. आम्ही मधले थकतो, पण सांगत नाही. तेव्हा आधी मेन खाली ओढा, झाकण उघडून टेस्टर लावा, मगच हात आत घाला. आणि अधूनमधून आमच्या मुंग्या झटका. एवढं केलंत, तर मी अजून काही वर्षं ओढीन.