वढ्याकडचं खाचर

त्या वर्सी सगळ्या शिवारात एकच भात व्हता, सरकारी. बुटका, जाड दाण्याचा. बी फुकाट, आन् वर बैल घ्यायला पैसं. अट येवढीच, की समद्या खाचरांत त्योच लावायचा. पीक फुलोऱ्यात आलं की साहेब बगून जाणार, मग पैसं हातात.

भिवाजीचा एक बैल उन्हाळ्यात मेला व्हता. आता चिखलणीला जोड मागत दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हावं लागणार व्हतं. म्हणून त्यानं अंगठा उठवला.

 पण त्याची बायको साळूबाई हिच्या उतरंडीत एक गाडगं व्हतं, राखंत कालवून ठेवलेला आंबेमोहर. लग्नात आयनं वटीत घातलेला. दर साली पेरायचा, दर साली बी धरायचं, अशी एकवीस वर्सं गेली. आता माहेरच न्हवतं. धरणाचं पाणी चढलं तवा घर, खाचरं, देऊळ, समदं खाली गेलं. ऱ्हायलं ते गाडग्यात.

रोपांसाठी राब भाजताना तिनं वढ्याकडं हातभर जागा जास्त भाजली. भिवाजीनं बगितलं.

"ह्ये काय गं?"

"वाफा."

"साळे, साहेब बगंल!"

"साहेबाला भात वळकाया येतोय व्हय? बूट काढंल तवा चिखलात उतरंल ना!"

गाडगं पार त्या वाफ्यात रिकामं केलं, आन् रोपं झाल्यावर तिनं वढ्याकडच्या खाचरात मधोमध आंबेमोहर लावला, भवतीनं सरकारी. कुणाला दिसायचा न्हाई म्हणून खूश झाली. वासाचं तिच्या ध्यानातच आलं न्हाई.

फुलोरा आला तवा ती बांधावर येऊन थबकलीच. पार माहेरच्या चुलीम्होरं जाऊन बसल्यावानी वाटलं. आय भाताचं झाकण काढायची, वास वाटंपतुर जायचा, आन् येणारा-जाणारा वरडायचा, "आज सण हाय का गं?" आय वाटीभर भात पुढं करायची. कोण उपाशी जायचं न्हाई. साळूबाई डोळं मिटून किती येळ उभी व्हती, तिलाच ठावं.

"वैनी!" गेणू धनगर मेंढरं घेऊन वाटंनं चालला व्हता. "आंबेमोहर लपवलाय न्हवं? माझ्या मेंढरांना सुदा कळलं!"

"गप चाल म्होरं!"

आठ-दहा दिसांनी सांजच्याला कोंडाजी पाटील सांगत आला. साहेब उद्या येतोय, आन् पल्याडच्या गावात एकाच्या खाचरात दुसरा भात घावला, त्याचं पैसं गेलं.  भिवाजी रातच्याला जेवला न्हाई.

सकाळी साळूबाई उठली तर त्यो गोठ्यात खुंटा ठोकत व्हता. मेलेल्या बैलाच्या जागी, नवा. तिच्याकडं बगितलं आन् मान खाली घातली.

तिचं टकुरंच फिरलं. कुणावर, त्ये तिलाबी सांगता आलं नसतं. विळा घेतला आन् खाचरात उतरली. दाण्यात नुसतं दूध व्हतं, चिमटीत फुटत व्हतं, बी धरण्याजोगा एकबी न्हवता. सपासप समदा आंबेमोहर कापला, भारा आणून एकट्या बैलाम्होरं टाकला. त्यो मचामचा खायला लागला.

साहेब आला घोड्यावर, छत्री उघडून. वाटंवरूनच बगितलं. खाली उतरलाच न्हाई.

"चांगलं हाय पीक," म्हणाला. "लिहून घ्या." मग नाक वर केलं. "कसला वास येतोय हो?"

साळूबाईनं हात पदराखाली घेतलं. "शेणाचा असंल, साहेब."

घोडा म्होरं गेला. भिवाजी वढ्याकडं बगत ऱ्हायला. मधोमध कापल्या भाताचं नुसतं सड दिसत व्हतं. "येवढ्या लांबनं काय दिसलं असतं गं त्येला," येवढंच म्हणाला.

दिवाळीच्या आत नव्या खुंट्याला बैल आला. तांबडा, वशिंडाला भक्कम. साळूबाईनं त्याच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. तवाच वाटंवरनं गेणू जात व्हता.

"वैनी, त्यो वास कुटं गेला वो?"

"त्यो काय," बैलाकडं हात करून ती म्हणाली, "हितं बांधलाय."

गेणू हसणार व्हता. तिचं त्वांड बगितलं आन् मेंढरं हाकीत म्होरं गेला.