पाच किलोमीटरच्या वाटेवर मैलाच्या पाट्या

खासदाराला पळता पळता गाठायचं, ही अक्कल मला सुचली तेव्हा माझी सत्तरी उलटली होती आणि दोन्ही गुडघे कुरकुरत होते. पण इलाजच उरला नव्हता. वॉशिंग्टनला त्याच्या कार्यालयात दोन खेपा घातल्या. दोन्ही वेळा कर्स्टन नावाच्या त्याच्या मदतनीस पोरीने मला कॉफी पाजली, गोड मान डोलावली आणि वाटेला लावलं. फोन करावा तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत." जन्मभर मीटिंगमध्येच आहे मेला.

मागणं काय, तर एक सही. देशभरातले पौंड, मैल, इंच मोडीत काढून किलो आणि मीटर आणायचं विधेयक होतं, सुरुवात दवाखान्यांपासून. त्याला डेल हॅमरस्लीने, म्हणजे आमच्या या खासदाराने, पाठिंबा द्यायचा.

मला मोजमापांचं वेड नाही हो. माझा नवरा अर्ल टोमणे मारतो, "अख्ख्या अमेरिकेला किलो शिकवायला निघालीस आणि घरी केकचा मैदा कपाने मोजतेस." मोजते. मैदा जास्त पडला तर केक बसतो, कुणाचे कान जात नाहीत.

माझ्या नातीचे गेले. मार्नी तीन वर्षांची असताना तापाने फणफणली म्हणून दवाखान्यात नेली. तिथल्या वजनकाट्याला एक बटण होतं. एकदा दाबलं की किलो, परत दाबलं की पौंड, ज्याला जे हवं ते. काट्यावर आकडा आला पौंडांचा आणि संगणकात गेला किलो म्हणून. औषध दुपटीहून जास्त, तेही रोज, आणि जास्त झालं की थेट कानांवर जाणारं. ताप उतरला आणि पोरीला ऐकू येणं थांबलं. आज ती दहा वर्षांची आहे, हातांनी बोलते, आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. दवाखान्याने माफी मागितली. ते बटण अजून तिथेच आहे.

तर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, आमच्या गावात हा हॅमरस्ली दरवर्षी मतदारांबरोबर पाच किलोमीटर धावतो. हो, किलोमीटर. सगळ्यांच्या टी-शर्टवर ते ठसठशीत छापलेलं असतं. मार्नीला घेऊन मीही नाव नोंदवलं. निम्म्या वाटेत त्याची हवा गेली, तो चालायला लागला, तिथे मी त्याला गाठलं.

"डेल, जरा दमाने." हा आमच्याच गल्लीत वाढलेला. त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही.

"ब्रॅनिगनबाई, तुम्हीसुद्धा धावताय?"

"तू खुर्चीत सापडत नाहीस, म्हणून रस्त्यावर आले. सही कधी करतोस?"

"बाई, लोक मला फाडून खातील. आपल्याकडे परकी मापं नको आहेत कुणाला."

"तुझ्या छातीवर काय छापलंय ते वाच."

त्याने मान खाली घालून वाचलं. "ती शर्यत आहे. तिची गोष्ट वेगळी."

तेवढ्यात रस्त्याकडेला पाटी आली, दोन मैल. शर्यत किलोमीटरची आणि पाट्या मैलाच्या. आयोजकांना मी आधीच विचारलं होतं, तर म्हणे लोकांना कळायला नको का किती झालं ते. कपाळ माझं.

"अजून किती राहिलं हो?" धापा टाकत डेलने विचारलं.

"दोन किलोमीटरला थोडं कमी."

"मैलात सांगा ना."

"तूच कर हिशेब. नर्स बारा तासांच्या पाळीनंतर करते ना, तसा."

मार्नी आमच्या पुढे उलटी चालत होती, आमचे ओठ वाचायला. त्याने तिच्याकडे पाहिलं. "हिच्याच बाबतीत झालं ना ते?" मग मी सगळं सांगितलं, बटणासकट. खोटं कशाला बोलू, त्याने नीट ऐकलं. डोळेही पुसले. "करतो, बाई. आजच बोलतो, सगळ्यांसमोर."

मार्नीला ते कळलं होतं, तरी तिने मला खुणेने विचारलं, हो म्हणाला ना? हो म्हणाला, मी सांगितलं. उरलेली वाट ती उड्या मारत गेली, आणि खरं सांगते, माझेही गुडघे दुखायचे थांबले.

शेवटी मंच होता. डेलने माईक तोंडाशी धरला. "मित्रांनो, आज एका आजीने माझे डोळे उघडले. मी नवं विधेयक आणणार आहे. देशातल्या प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक काट्यावर किलोही दिसतील आणि पौंडही. सक्ती कुणावर नाही. ज्याला जे हवं ते त्याने निवडावं. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. समोरच्या खांबावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

माईकमुळे मार्नीला त्याचे ओठ दिसले नव्हते. सगळे खूश म्हणून तीही दोन्ही हात वर करून हलवत होती, ऐकू न येणाऱ्यांच्यात टाळ्या तशाच. काय म्हणाला, तिने विचारलं. मी हातांनी सांगितलं, दोन्ही. किलो पण आणि पौंड पण.

तिचे हात थांबले. मग मंद बुद्धीच्या माणसाला समजवावं तसं तिने सावकाश खुणावलं, "आजी, तेव्हा दोन्हीच तर होतं."

"हेच त्याला सांग," म्हणून मी तिला मंचाकडे नेलं. कर्स्टन आडवी आली, "साहेब जरा कामात आहेत." मी तिला बाजूला सारलं. मार्नी पायऱ्या चढून त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने तेच वाक्य पुन्हा हातांनी म्हटलं, नीट, एकेक खूण सुटी करून.

डेलने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीकडे वळून म्हणाला, "बघा, पोर किती आभार मानतेय."

तेव्हा मी त्याच्या हातातला माईक ओढून घेतला.